बुलेटचे लेगगार्ड

मोटारसायकलच्या पुढच्या अंगाला, इंजिनाच्या दोन्ही बाजूंस, एक वाकविलेली लोखंडी नळी बसविलेली तुम्ही पाहिली असेल. आमच्या चिमूरच्या बाजारात तिला ‘लेगगार्ड’ म्हणतात. लेग म्हणजे पाय आणि गार्ड म्हणजे राखणदार. तेव्हा हा पायांचा राखणदार झाला. मोठ्या शहरांतील दुकानदार याच वस्तूला ‘क्रॅशगार्ड’ म्हणतात आणि कोठे कोठे ती ‘इंजिनगार्ड’ या नावानेही विकली जाते. वस्तू एक, नावे तीन. सारा जन्म मराठी शिकविण्यात गेल्यामुळे एखादी वस्तू विकत घेण्यापूर्वी तिचे नाव उलटसुलट करून पाहण्याची मला खोड जडली आहे. या तीन नावांतले एक म्हणते, मी तुझा पाय वाचवीन. दुसरे म्हणते, मी तुझे इंजिन वाचवीन. आणि तिसरे बिचारे कसलेच वचन देत नाही, केवळ प्रसंगाचा उल्लेख करून गप्प बसते. यांपैकी खरे कोण बोलते, हे ठरविण्याची वेळ माझ्यावर मागील हिवाळ्यात आली. गाडी माझी होती, पण ती चालविणारे पाय माझ्या पुतण्याचे असणार होते. म्हणून हा प्रश्न मला निव्वळ शब्दांचा राहिला नाही.

गाडी १९६८ सालची बुलेट आहे. हिचे मूळ घराणे इंग्लंडातील रेडिच गावचे. तेथील रॉयल एनफिल्ड कंपनीने ‘बुलेट’ हे नाव १९३२ साली प्रथम वापरले. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याला सरहद्दीवर फिरण्यासाठी दणकट मोटारसायकली हव्या होत्या. त्यासाठी या गाडीची निवड झाली आणि १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आरंभी सुटे भाग विलायतेहून येत व येथे जोडले जात. पुढे सारीच गाडी मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे तयार होऊ लागली. मौज अशी, की विलायतेतले मूळ घर १९७०च्या सुमारास बंद पडले आणि इकडची शाखा मात्र भरभराटीला आली. आमच्या गाडीचे गिअर आजच्यासारखे डाव्या पायाशी नाहीत, उजव्या पायाशी आहेत. ब्रेक डाव्या पायाशी. ज्याला ठाऊक नाही, तो थांबावयास जातो आणि गिअर बदलून बसतो. पुढच्या मोठ्या दिव्याच्या वर, दोन बाजूंना, दोन चिमुकले दिवे आहेत. त्यांना बुलेटचे शौकीन ‘वाघाचे डोळे’ म्हणतात. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांना या नावाचे विशेष कौतुक वाटावे, हे साहजिकच आहे.

ही गाडी माझ्याकडे आली ती एका स्नेह्याकडून. ते गुरांचे डॉक्टर होते. चिमूरच्या वाट्याला आगगाडी आलेली नाही, आणि त्या काळी आडबाजूच्या गावांना मोटारही क्वचितच जाई. कोणाची म्हैस अडली, कोणाच्या बैलाला वाघाने पंजा मारला, की डॉक्टरसाहेब बुलेटला किक मारून निघत. एकदा ते कोलाऱ्याच्या बाजूने संध्याकाळी परत येत होते. वळणावर रानडुकरांचा कळप आडवा आला. डॉक्टरांचा वेग फार नव्हता. त्यांनी ब्रेक लावला, मागचे चाक गिट्टीवर सरकले आणि गाडी उजव्या कुशीवर पडली. पडण्याने त्यांना फारशी इजा झाली नाही. परंतु दीडशे किलोंहून अधिक वजनाची ती गाडी त्यांच्या पायावर पडून राहिली, आणि या गाडीच्या धुराची नळी नेमकी उजव्या बाजूनेच जाते. ती तापून लाल व्हायची तेवढी राहिली होती. अंधार पडल्यावर मोहाच्या झाडाखालून एक बैलगाडी आली, तिच्यावरच्या दोघा माणसांनी गाडी उचलली, तेव्हा त्यांचा पाय सुटला. पोटरीवरचा तो डाग त्यांनी मला पुष्कळदा दाखविला आहे. ते म्हणत, “माझा पाय मोडला नाही हो, तो गाडीखाली अडकला, एवढाच अपघात.”

हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडले.

माझा पुतण्या वनरक्षक आहे. नोकरीच्या गावी जाण्यासाठी त्याला गाडी हवी होती आणि त्याचा डोळा लहानपणापासून या बुलेटवर होता. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी सरकारने २०२१ साली निराळी नोंदणी सुरू केली आहे. त्या नोंदणीतील गाडी मूळ रूपात जपावी लागते आणि ती रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शनाला न्यावी, तिचा मान राखावा आणि झाकून ठेवावी. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. आमच्याकडे ती कामाची गाडी म्हणून आली, कामाचीच राहिली, आणि तिची साधी नोंदणी आम्ही दर पाच वर्षांनी नवी करून घेतो. तथापि तिच्या मूळ चौकटीला कसलाही डाग लागू नये, अशी माझी इच्छा होती. गाडी द्यावयाची, पण लेगगार्ड बसवूनच द्यावयाची, असे मी ठरविले. पुतण्याला आनंद झाला. तो म्हणाला, “काका, लेगगार्ड लागलं म्हणजे मग रात्री-बेरात्री सत्तरने गेलो तरी काळजी नाही!”

मी त्या वेळी काही बोललो नाही. गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो.

हा मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. वर्गात असताना व्याकरणाच्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसे. पण शाळेची शिवणयंत्रे आणि घंटा बिघडली, की शिपाई त्यालाच बोलावीत. त्याच्या दुकानात आम्ही पोचलो, तेव्हा तेथे चहा पिणारी चार मंडळी होतीच, आणि प्रत्येकाकडे सल्ला होता. एक गृहस्थ म्हणाले, बोअरिंगची जाड नळी घ्या, हत्तीने लाथ मारली तरी वाकणार नाही. दुसऱ्यांच्या मते चौकटीलाच वेल्डिंग करून टाकावे, म्हणजे कायमचे काम होईल. सल्ला देणाऱ्याला खर्च येत नसला, म्हणजे तो नेहमी जाड नळीच सुचवितो, असा माझा अनुभव आहे.

मिस्त्री हात पुसत उठला. त्याने मला गाडीजवळ बसविले आणि बोटाने दाखविले. बुलेटच्या चौकटीची पुढची नळी वरून खाली येते ती इंजिनाशी येऊन थांबते. तेथून मागपर्यंत चौकट नाही. तेथे इंजिनच चौकटीचे काम करते. घराच्या भिंतीत कपाट बसवावे आणि त्या कपाटावरच आढे टेकवावे, तसा हा प्रकार आहे. सिलिंडर बिडाचे आहे, परंतु त्याखालची इंजिनाची पेटी अॅल्युमिनियमची आहे. लेगगार्डचे वरचे टोक त्या उतरत्या नळीला आवळावयाचे आणि खालचे टोक इंजिन जेथे चौकटीला जोडले आहे, त्या बोल्टाला धरावयाचे.

“आता सर, तुम्हीच सांगा जी,” तो म्हणाला, “नळी वाकली नाही, तं धक्का कुठं जाते?”

धक्का बोल्टात जाणार, बोल्टातून त्या अॅल्युमिनियमच्या कानात जाणार आणि कान तडकणार, हे उघड होते. वाकलेली नळी भट्टीत घालून पुन्हा सरळ करता येते. तडकलेली पेटी म्हणजे सारे इंजिन खाली. घरातील विजेच्या फ्यूजची तार आपण मुद्दाम बारीक ठेवतो; ती जळते म्हणून बाकीचे वायरिंग वाचते. तिच्या जागी कोणी जाड तार घातली, तर तार वाचेल आणि घर जळेल. लेगगार्डचेही तसेच आहे. ते उभ्या गाडीचा भार झेलण्याइतके ताठ हवे, पण मोठ्या आघाताला स्वतः वाकून जाण्याइतके मऊ हवे. लोखंड वाकताना आघाताचा बराचसा जोर त्या वाकण्यातच खर्ची पडतो. हे मला माझ्या विद्यार्थ्याने दाखविले, आणि खिडकीबाहेर पाहणाऱ्या त्या मुलाविषयी माझ्या मनात पुष्कळच आदर निर्माण झाला.

बोअरिंगच्या नळीला आणखी एका कारणाने नकार मिळाला. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो तापला, की जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला तर माणूस तापाने फणफणतो. तेव्हा साधी, मुलामा नसलेली, सुमारे इंचभर व्यासाची पोलादी नळी आणली.

नळी वाकविणे हे मोठे पाहण्यासारखे काम आहे. पोकळ नळी तशीच वाकवू गेले, तर ती वळणाच्या जागी चपटी होते आणि चपट्या जागी तिचे बळ जाते. म्हणून तिच्यात बारीक रेती ठासून भरतात. ही रेती मिस्त्रीने आदल्या दिवशी कढईत घालून भाजून घेतली होती. रेतीत ओल राहिली, तर तापल्यावर तिची वाफ होते आणि टोकाला ठोकलेले लाकडी बूच बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. आम्हा दोघांनाही त्याने बुचाच्या समोरून दूर केले, आणि मी पूर्वीचा मुख्याध्यापक आहे याची यत्किंचितही भीड न धरता केले. मग भट्टी, भाता, आणि नळीचा रंग काळ्याचा जांभळा, जांभळ्याचा गर्द लाल होईपर्यंत वाट पाहणे. जमिनीवर त्याने खडूने वळणाचा नकाशा काढला होता. लाल झालेली नळी खुंट्यांच्या मध्ये धरून तो सावकाश, अंगाच्या वजनाने, हिसका न देता वाकवी आणि खडूच्या रेषेवर ठेवून पाही. डावी बाजू तिसऱ्या तापात जमली. उजवीला पाच ताप लागले, कारण तिला धुराच्या नळीपासून दूर राहावयाचे होते.

वेल्डिंगचा प्रश्न त्याने एका वाक्यात निकालात काढला. चौकटीच्या नळीला ठिणगी लावावयाची नाही. वेल्डिंगच्या तापाने आजूबाजूचे लोखंड आपला मूळ गुण गमावते आणि पुढे कधी तरी, खड्ड्यातून जाताना, नेमके तेथेच तडकते. म्हणून वरच्या टोकासाठी दोन अर्ध्या कड्यांचा पट्टा केला. तो नळीला मिठी मारून बोल्टाने आवळला जातो, आणि काढला तर चौकटीवर खूण राहत नाही. रंग खरवडू नये म्हणून आत चामड्याची पट्टी घातली.

खालच्या बोल्टाने मात्र आमचे दोन दिवस घेतले. लेगगार्डचे कान मध्ये आल्यामुळे मूळ बोल्ट आखूड पडू लागला, आणि लांब बोल्ट चिमुरात मिळेना. मिळेना म्हणजे बोल्ट पुष्कळ होते, पण ते मिलिमीटरच्या मापाचे. या जुन्या गाडीचे आटे विलायती इंचाच्या हिशेबाचे आहेत. दोन्ही बोल्ट डोळ्यांना सारखे दिसतात, नट एक-दोन वेढे सरळ जातोही, मग अडतो. अडाणी कारागीर येथे पान्याला जोर लावतो आणि दोघांचेही आटे सोलून ठेवतो. मिस्त्रीने तसे केले नाही. तो नागपूरला जाऊन जुन्या सामानाच्या बाजारातून योग्य आट्यांचा बोल्ट शोधून घेऊन आला. जुना बोल्ट काढण्यापूर्वी त्याने इंजिनाखाली सागवानी ठोकळा सरकविला. इंजिनच चौकटीचा भाग असल्यामुळे बोल्ट निघताच ते खाली बसले असते. स्प्रिंगचे वायसर घातले, सारे नट प्रथम हलके लावले, आणि दोन्ही बाजू समान आहेत हे दोरीने मोजून मगच एकेक आवळला.

पुढचे निरीक्षण त्याने पुतण्याला करावयास लावले. हँडल पूर्ण डावीकडे वळव, पूर्ण उजवीकडे वळव. चाक किंवा मडगार्ड नळीला लागते का? पुढच्या बाजूला दोघांनी भार देऊन स्प्रिंग पूर्ण दाब. आता लागते का? बूट घालून बस आणि उजवा पाय गिअरखाली, डावा ब्रेकवर नेऊन पाहा. किक मार. सिलिंडरच्या पंखांवर येणारा वारा कोठे अडत नाही ना? एका ठिकाणी बुटाचे टोक नळी आणि गिअर यांच्या मध्ये अडकत होते. नळी पुन्हा भट्टीत गेली. जी वस्तू पाय सोडविण्यासाठी लावावयाची, तिने पाय अडकवून कसे चालेल?

शेवटची परीक्षा पडण्याची. अंगणात धानाच्या तणशीचा जाड थर पसरला. पेट्रोलची तोटी बंद केली, बॅटरी काढून ठेवली, आणि चौघांनी धरून गाडी हळूहळू उजव्या कुशीवर निजविली. गाडी लेगगार्डवर आणि मागच्या पायटेकणावर टेकली, आणि तिच्या पोटाखाली एक पोकळी राहिली. मिस्त्रीने तणशीच्या पेंढीभोवती पोते गुंडाळून मांडीएवढा एक पाय बनविला होता. तो त्या पोकळीत सरकवून त्याने ओढला. पाय सहज बाहेर आला. मला डॉक्टरसाहेबांची फार आठवण झाली. ते आता नाहीत.

येथे माझ्या पुतण्याने मोठ्या समाधानाने म्हटले, “झाले काका! आता पाय सुरक्षित.” आणि येथेच मला त्याच्याशी बोलणे भाग पडले.

अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकाने मोटारसायकलींच्या सुमारे ९०० अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला होता. त्याचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यात या लोखंडी नळ्यांविषयी जे आढळले, ते आमच्या बाजारातील नावाला अगदीच न शोभणारे आहे. या नळ्यांमुळे घोट्याच्या व पावलाच्या दुखापती कमी होतात. परंतु गुडघा, नडगी आणि मांडी यांच्या दुखापती जवळजवळ तेवढ्याच वाढतात. म्हणजे मोठ्या अपघातात हिशेब बरोबरीला येतो. पावलाला चुकलेला घाव गुडघ्याने घ्यावयाचा.

हे मी त्याला सांगितले. त्याला ते पटले नाही. “मग हे लावले कशाला?” असे त्याने विचारले, आणि हा प्रश्न योग्यच होता.

मी म्हटले, “बाबा, डॉक्टरसाहेब ज्या वेगाने पडले, त्या वेगासाठी हे लावले. गाडी घसरली, कुशीवर आली, तर तुझा पाय तिच्याखाली दबून भाजू नये आणि इंजिनाची पेटी दगडावर आपटू नये, यासाठी. एवढेच याचे सामर्थ्य आहे. तुझ्या वर्दीतल्या काठीने तू साप बाजूला करशील. वाघापुढे ती काठी घेऊन उभा राहशील का?”

तो हसला. मी त्याला एक गणित घातले. माझी सवय काही सुटत नाही. तीसच्या वेगाने जाणारी गाडी साठने जाऊ लागली, तर आघाताचा जोर किती होईल? तो म्हणाला, दुप्पट. मिस्त्री दुरून ओरडला, “चौपट जी!” वेग दुप्पट झाला, की जोर चौपट होतो, सत्तरला तर तो पाचपटीच्याही वर जातो. आमची नळी भट्टीच्या कोणत्या तापात वाकविली आहे, हे त्या जोराला ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट होती आणि ती वनरक्षकाला सांगावी लागली नाही, त्याची त्यालाच आठवली. चिमुरातून ताडोब्याच्या बाजूला जाणारा रस्ता केवळ माणसांचा नाही. पळस फुलू लागले, रानातले पाणी आटू लागले, म्हणजे चितळ, नीलगाई आणि डुकरे पाण्यासाठी हे रस्ते रोज रात्री ओलांडतात. दिव्याच्या झोतात सापडलेले चितळ पळत नाही, थिजून उभे राहते; आणि एक गेले, की त्याच्या मागे दुसरे असते. लेगगार्ड बसविलेली गाडी त्याला आदळली, तर नळीचा विचार करण्याची पाळी त्या चितळावर येत नाही. पुतण्याने असे एक जनावर आपल्या हाताने रस्त्याकडेला ओढून ठेवले होते. त्याबद्दल तो थोडेसेच बोलला. मग कोणी काही न विचारता म्हणाला, “रात्री तीस-पस्तीस पुरे आहे, काका. दिवाही या गाडीचा मंदच आहे.”

ते खरे आहे. सहा व्होल्टच्या दिव्याचा तो पिवळा उजेड आजच्या गाड्यांच्या मानाने समईसारखाच म्हणावा लागेल. पाहता येईल तेवढ्यातच थांबता यावे, असा वेग ठेवला तर तीसच्या वर जाता येत नाही. डोक्यावरचे हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहेच. ते मी त्याच दिवशी विकत घेऊन त्याच्या हाती दिले आणि त्याच्या किमतीविषयी घरात वाच्यता केली नाही.

माघातल्या घोडायात्रेची गर्दी ओसरल्यावर पुतण्या गाडी घेऊन गेला. एका सिलिंडरच्या इंजिनाचे हादरे मोठे असतात आणि नवा आवळलेला नट त्या हादऱ्यांनी प्रथम थोडा बसतो. म्हणून ५० किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणावयाची, असा मिस्त्रीचा दंडक होता. आठव्या दिवशी सकाळी ती धकधक दुकानापुढे येऊन थांबली. लेगगार्डच्या काळ्या रंगावर लाल धूळ बसली होती आणि डाव्या नळीत गवताची एक काडी अडकली होती. मिस्त्रीने इंजिन निवू दिले, इंची पाना काढला आणि चारही नट तपासले. वरचे दोन जसेच्या तसे होते. खालचा उजवा किंचित फिरला. डावा जवळजवळ पाव वेढा आत गेला. मिस्त्रीने त्यावर खडूची एक रेघ ओढली आणि पुतण्याला पुन्हा शंभर किलोमीटरनंतर यावयास सांगितले.